ओल्या कचऱ्याचे खत आणि घरातील रुग्ण: काय चालेल, काय टाळावे?

"आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खत प्रकल्प सुरू होणार आहे. आईला दमा आहे. त्रास होईल का?" "मधुमेह असताना कुंडीत खत मिसळले तर चालते का?" "डब्यात पांढरी बुरशी आली आहे, फेकून देऊ का?" गेल्या काही वर्षांत असे प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वरचेवर विचारू लागले आहेत.

थोडक्यात उत्तर असे: नीट सांभाळलेला, झाकलेला आणि कोरडेपणा राखलेला खताचा डबा बहुतेक घरांसाठी सुरक्षित आहे. उघड्यावर साठवलेल्या कचऱ्यापेक्षा तर तो नक्कीच चांगला. मात्र काही ठराविक आजार असलेल्या व्यक्तींनी खत ढवळणे, चाळणे आणि उपसणे ही तीन कामे स्वतः करू नयेत. डबा घरात असायला सहसा हरकत नसते, तो कोण हाताळतो हे महत्त्वाचे. या व्यक्ती कोणत्या, कारण काय आणि काळजी कशी घ्यायची, ते आता पाहू.

कचरा कुजताना काय होते?

आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो: भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न, निर्माल्य. हा कचरा जिवाणू आणि बुरशी यांचे अन्न आहे. त्यांना हवा मिळते की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हवा खेळती असेल तर हवेवर जगणारे जिवाणू कचरा लवकर कुजवतात, उष्णता तयार होते आणि साधारण दीड ते तीन महिन्यांत मातीसारखा वास येणारे खत मिळते. कचरा पाण्याने चिंब असेल किंवा पिशवीत गच्च बांधलेला असेल, तर हवेविना जगणारे जिवाणू वाढतात. त्यातून मिथेन आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. घाण वास हा खताचा गुणधर्म नव्हे. डब्यात पाणी जास्त आणि हवा कमी झाल्याची ती खूण आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या ढिगात तापमान ५५ अंश सेल्सियसच्या वर जाते आणि काही दिवस तसेच राहिले तर बरेचसे रोगजंतू मरतात. गॅलरीतील २०-३० लिटरच्या डब्यात मात्र तेवढी उष्णता बहुतेक वेळा तयार होत नाही. म्हणूनच घरच्या डब्यात काय टाकायचे आणि काय नाही, याचे नियम कडक असावे लागतात.

कचरा तसाच साठला तर आरोग्यावर काय परिणाम होतो?

खताच्या डब्याची भीती वाटते, पण जिन्याखाली दोन दिवस पडून राहिलेल्या पिशवीची सवय झालेली असते. खरा धोका बऱ्याचदा त्या पिशवीतच असतो.

- माश्या: उष्ण हवेत घरमाशीच्या अंड्यापासून पूर्ण माशी तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. कचऱ्यावर बसलेली माशी पुढे ताटावर बसते. जुलाब, टायफॉइड, आमांश यांचे जंतू तिच्या पायांवरून अन्नात जाऊ शकतात.
- उंदीर आणि घुशी: उघड्यावरचे अन्न त्यांना बोलावते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून पावसाच्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. मुंबई आणि कोकण पट्ट्यात दर पावसाळ्यात हे रुग्ण आढळतात.
- डास: डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फेकलेल्या करवंट्या, आइस्क्रीमचे कप आणि डब्यांची झाकणे त्याला पुरेशी होतात.
- धूर: कचराभूमीत दाबल्या गेलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघत राहतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस आसपासच्या वस्त्यांवर पसरला होता. दमा, सीओपीडी आणि हृदयविकार असलेल्यांना असा धूर सर्वाधिक त्रास देतो. कोपऱ्यावर पालापाचोळा आणि प्लास्टिक एकत्र जाळणे हाही याच धुराचा छोटा प्रकार आहे.

घरातला किंवा सोसायटीतला ओला कचरा तिथेच जिरवला, तर ही साखळी सुरुवातीलाच तुटते. म्हणून "घरात रुग्ण आहे, डबा नकोच" असा सरसकट निर्णय घेण्याची गरज नाही.

खतातील बुरशी कोणाला त्रास देते?

कचरा कुजवण्याच्या कामात बुरशीचा मोठा वाटा असतो. 'अॅस्परजिलस' नावाची बुरशी उष्णता सहन करते, त्यामुळे तापलेल्या कचऱ्यात ती चांगली वाढते. तिचे बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रॉन इतके सूक्ष्म असतात आणि श्वासातून फुफ्फुसात खोलवर जाऊ शकतात. कोरडे खत ढवळताना किंवा चाळताना ते धुळीबरोबर उडतात. निरोगी माणसाची फुफ्फुसे आणि प्रतिकारशक्ती त्यांचा बंदोबस्त करते. हे बीजाणू तसेही हवेत सगळीकडे असतात आणि आपण ते रोज श्वासात घेतो. पुढील व्यक्तींनी मात्र जपायला हवे.

१. दम्याचे रुग्ण. खताच्या धुळीने दम्याचा झटका येऊ शकतो. काही दम्याच्या रुग्णांना अॅस्परजिलसची अॅलर्जी होते आणि फुफ्फुसांचा वेगळा आजार जडतो. औषधे नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, खोकल्यातून तपकिरी घट्ट गुठळ्या पडत असतील, तर डॉक्टर आयजीई ही रक्ततपासणी सुचवतात. अशा रुग्णाने खत ढवळू नये. दुसरे कोणी ढवळत असताना खोलीचे दार-खिडकी बंद ठेवून आत थांबावे.

२. पूर्वी क्षयरोग (टीबी) झालेल्या व्यक्ती. हा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. टीबी पूर्ण बरा झाला तरी काहींच्या फुफ्फुसात पोकळी राहते. त्या पोकळीत ही बुरशी घर करून गोळा तयार करू शकते. खोकल्यातून रक्त पडणे हे त्याचे मुख्य लक्षण आहे. "पुन्हा टीबी झाला" असे समजून तपासणीआधीच टीबीची जुनी औषधे सुरू करू नका. छातीची आणि थुंकीची तपासणी करून घ्या.

३. प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण. केमोथेरपी चालू असलेले, किडनी किंवा इतर अवयवाचे प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, उपचाराअभावी एचआयव्ही वाढलेले. या गटात बुरशीचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. या व्यक्तींनी खत, कुंडीतील माती, पालापाचोळा यांपैकी काहीही हाताळू नये. शक्य असेल तर उपचार चालू असेपर्यंत डबा घरातून हलवून सोसायटीच्या सामायिक जागेत ठेवावा.

४. मधुमेही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने दिसले. या बुरशीचे कूळ माती आणि कुजणाऱ्या पदार्थांत राहते हे खरे. पण त्या वेळी ज्यांना हा आजार झाला त्यांच्यापैकी बहुतेकांची साखर अनियंत्रित होती किंवा त्यांना स्टेरॉइड दिलेले होते. साखर ताब्यात असेल तर मास्क आणि हातमोजे घालून कुंडीत खत घालायला हरकत नाही. साखर फार वाढलेली असेल, तर ती ताब्यात येईपर्यंत हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगा. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी बागेत अनवाणी जाऊ नये. काच किंवा काटा लागलेला कळत नाही आणि ती जखम चिघळते.

५. गरोदर स्त्रिया. मांजरांची विष्ठा मिसळलेल्या मातीतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो आणि गर्भाला त्याचा धोका असतो. माती किंवा खत हाताळायचेच असेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

डब्यात काय टाकू नये?

ज्या घरात रुग्ण असतो, त्या घराच्या कचऱ्यात सुया, पट्ट्या, डायपर आणि औषधेही असतात. हे सगळे ओल्या कचऱ्यात गेले तर त्याची इजा आधी तुम्हाला होत नाही. ती कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाला होते. इन्सुलिनची सुई टोचली तर त्याला हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता असते.

- इन्सुलिनच्या सुया, साखर तपासण्याच्या सुया, ब्लेड: जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद करा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा आणि वेगळी द्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अशा सुया आणि मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात मोडत होती.
- डायपर, सॅनिटरी पॅड, जखमेच्या पट्ट्या: कागदात गुंडाळून वेगळे द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवली. पुडी न उघडता आत काय आहे ते कळते. ही पद्धत कोणत्याही गावात वापरता येईल.
- औषधे: उरलेल्या गोळ्या, सिरप, मलमे खतात टाकू नयेत. विशेषतः अँटिबायोटिक मातीत गेले की तिथल्या जिवाणूंना त्याची सवय होऊ लागते.
- कुत्र्या-मांजरांची विष्ठा: तिच्यात जंतांची अंडी असू शकतात आणि घरच्या डब्यात ती मरतीलच असे नाही.
- मांस, मासे, हाडे, दूध, खूप तेलकट पदार्थ: वास, अळ्या आणि उंदीर यांना आमंत्रण. सोसायटीच्या मोठ्या प्रकल्पात हे चालते का, ते तिथे विचारून घ्या. घरच्या लहान डब्यात टाळलेले बरे.

डबा निरोगी कसा ठेवावा?

१. खाली आणि बाजूने छिद्रे असलेला, घट्ट झाकणाचा डबा किंवा मातीची कुंडी घ्या. तळाशी सुक्या पाल्याचा किंवा कोकोपीटचा चार बोटे थर द्या.

२. भाजीपाल्याचे तुकडे लहान करून टाका. आमटी-भाजीतले पाणी आधी निथळून घ्या.

३. दर वेळी ओला कचरा टाकल्यावर त्यावर सुका पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट पसरा. वरून ओला कचरा दिसता कामा नये. माश्या रोखण्याचा यापेक्षा सोपा उपाय नाही.

४. विरजण म्हणून थोडे जुने खत, आंबट ताक किंवा बाजारात मिळणारे कल्चर घाला. शेण वापरत असाल तर हातमोजे घाला.

५. आठवड्यातून एक-दोनदा ढवळा. मूठभर खत दाबून पाहा. हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. गळत असेल तर सुका पाला वाढवा.

६. डब्याखालच्या ताटलीत साठलेले पाणी दोन-तीन दिवसांनी काढून टाका आणि ताटली घासून कोरडी करा. झाकणावर पावसाचे पाणी साचू देऊ नका.

७. तयार खत चाळण्यापूर्वी त्यावर पाण्याचा हलका शिडकावा करा. धूळ उडत नाही, बीजाणूही कमी उडतात. चाळताना एन-९५ मास्क लावा. कापडी मास्क किंवा रुमाल यासाठी पुरेसा नाही.

८. डबा रुग्णाच्या पलंगाजवळच्या खिडकीशी ठेवू नका. हवेशीर गॅलरी किंवा गच्ची योग्य.

सोसायटीच्या प्रकल्पात कोणाकडे लक्ष द्यावे?

२०१६ च्या नियमांनुसार ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणे अपेक्षित होते. प्रकल्प उभा राहतो, सूचनाफलकावर कौतुक होते, पण रोज तो ढवळणारा माणूस एकच असतो. घरच्या डब्याशी आपला संबंध काही मिनिटांचा. त्याचा मात्र तासन् तासांचा आणि वर्षानुवर्षांचा.

त्याला एन-९५ मास्क, जाड हातमोजे, गमबूट, हात-पाय धुण्यासाठी साबण आणि पाणी मिळायलाच हवे. धनुर्वाताची लस (टीडी) दर दहा वर्षांनी आणि हिपॅटायटिस बीची लस सोसायटीने स्वखर्चाने द्यावी. कामाला लावताना दमा किंवा जुना टीबी आहे का, हे विचारावे. असेल तर त्याची नोकरी काढून न घेता त्याला दुसरे काम द्यावे.

आणि एक अत्यंत महत्त्वाची सूचना. बायोगॅसची टाकी, सांडपाण्याची टाकी किंवा बंदिस्त खोल खड्डा यांत कोणालाही उतरू देऊ नका. आत प्राणवायू कमी आणि विषारी वायू जास्त असू शकतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर होते, वासच येत नाही आणि माणूस क्षणात कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेल्या दुसऱ्याचाही जीव जातो. दुरुस्तीचे काम संबंधित यंत्रणेच्या प्रशिक्षित लोकांकडूनच करून घ्या.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- खत ढवळल्यानंतर ४ ते ८ तासांत ताप, कोरडा खोकला, धाप, अंगदुखी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी होते आणि पुन्हा काम केल्यावर पुन्हा तेच होते. फ्लू समजून याकडे दुर्लक्ष करू नका. फुफ्फुसांची अॅलर्जी असू शकते आणि वारंवार झाल्यास कायमचे नुकसान होऊ शकते.
- पावसाळ्यात घाण पाण्यातून चालल्यावर किंवा उंदीर असलेल्या जागी काम केल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, कावीळ किंवा लघवी कमी होणे. लेप्टोची तपासणी त्याच दिवशी करा.
- खोकल्यातून रक्त पडणे.
- मधुमेहात चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा सुजणे, नाकातून काळपट स्राव, डोळ्याला सूज. ताबडतोब रुग्णालयात जा.
- काच, खिळा किंवा वापरलेली सुई लागणे. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. सुई टोचली असेल तर शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर "मी खताचे काम करतो" हे आवर्जून सांगा. आम्ही विचारायला हवे, पण गर्दीत ते राहून जाऊ शकते. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डब्यात पांढरी बुरशी दिसते. खत बिघडले का?
नाही. कचरा कुजत असल्याची ती खूण आहे. थोडे पाणी शिंपडून हलक्या हाताने ढवळा, वर सुका पाला घाला. नाक जवळ नेऊन वास घेऊ नका.

अळ्या झाल्या आहेत. त्या चावतात का?
खतात दिसणाऱ्या मोठ्या, चपट्या, करड्या अळ्या बहुतेकदा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. नको असतील तर सुका पाला वाढवा. कीटकनाशक फवारू नका, त्या फवाऱ्याने दमा बळावतो.

घरात टीबीचा रुग्ण आहे. त्याचे उष्टे अन्न खतात चालेल का?
चालेल. टीबी हवेतून पसरतो, उष्ट्या अन्नातून नाही. थुंकीचा रुमाल किंवा टिश्यू मात्र खतात टाकू नका. या कारणावरून रुग्णाचे ताट वेगळे करण्याचीही गरज नाही.

घरच्या खतावर वाढवलेली कोथिंबीर कच्ची खाल्ली तर?
खत पूर्ण तयार झालेले असावे: गडद रंग, भुसभुशीत, पावसातल्या मातीचा वास. तरीही पाने वाहत्या पाण्यात नीट धुऊन घ्या. केमोथेरपी चालू असलेल्यांनी कच्च्या पालेभाज्या खाण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आईला दमा आहे, घरी आम्ही दोघीच. ढवळणार कोण?
मुलगी ढवळेल, मास्क लावून, आई दुसऱ्या खोलीत असताना. तेही जमत नसेल तर ओला कचरा वेगळा करून घंटागाडीत किंवा सोसायटीच्या प्रकल्पात द्या. कचरा नीट वेगळा करून दिला, तरी तुमचा मोठा वाटा पूर्ण झाला.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारानुसार आणि चालू औषधांनुसार सल्ला वेगळा असू शकतो. शंका असल्यास तुमच्या डॉक्टरांशी बोला.*